मायकलच्या नावाशेजारी

मलिद्याचं, गोड पोह्यांच्या नैवेद्याचं, ताट सजवताना दीनाची नजर पुन्हा पुन्हा भिंतीकडे जात होती!... भाच्याचं, आरोनचं, लग्न ठरलं म्हणून आज रोह्याच्या अष्टमी भागातल्या घरी ज्यूंच्या एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा होता, आणि भिंतीवर कोरं करकरीत बॅनर लागलं होतं, ‘हसाजी रोहेकरांचा वंश’. इस्रायलहून आलेल्या नणंदेनं, डेबोरानं, ते हौसेनं छापून घेतलं होतं. त्यात तिच्या नवऱ्याचं, मायकलचं, नाव एकटंच होतं.

"माझं राहिलं का, ताई?"

"राहिलं नाही, वहिनी. फक्त हसाजींच्या रक्ताचे घेतलेत. सुना-जावई नसतात त्यात. मनाला लावून घेऊ नकोस."

"नाय लावत," दीना म्हणाली आणि पोह्यांवर खोबरं पसरत राहिली.

मनाला लावून घ्यायलाही अंगात त्राण लागतं! सगळं गणगोत कायमचं इस्रायलला जायला विमानात बसलं तेव्हा तिचाही पासपोर्ट तयार होता. पण मायकल नुकताच वारलेला, आणि सासरे एलिजाबाबा रोहा सोडायला तयार नव्हते... म्हातारं माणूस एकटं कसं राहील, म्हणून ती राहिली. त्यांची औषधं, अंथरूण, शुक्रवार संध्याकाळचा शब्बाथचा दिवा, यातच उभा जन्म सरला. आता तिला काय हवं होतं? नवऱ्याच्या शेजारी तेवढी जागा!

प्रार्थनेसाठी बाबांना खुर्चीत आणून बसवलं. त्यांना आता नीट दिसत नसे.

"डेबोरा, नावं मोठ्यानं वाच. सगळ्यांसाठी मागणं मागतो."

हसाजी... एलिजा... मायकल... डेबोरा... आरोन. ती थांबली.

"आन् तुझी आई?"

"बाबा... ती दुसऱ्या घरातली ना."

"मग तुला काय मी एकट्यानं जन्माला घातली गो?" म्हातारा खुर्चीतून पुढे झुकला. "आन् दीना? जिच्या हातचं खाऊन मी जिता हाय, ती नाय यात? उचला ते ताट! मी प्रार्थना करायचा नाय!"

डेबोरा बॅनरकडे वळली. मार्कर घेऊन तिनं आधी आईचं नाव लिहिलं, मग मायकलशेजारी दीनाचं... आणि वहिनीच्या गळ्यात पडून ती ढसाढसा रडली. "माझ्या आईला मीच वगळलं गं, वहिनी! आणि तुला तर..."

दीनाला रडू आलं नाही. फार दमली होती ती.

"ताई, प्रार्थना झाली की मी जरा बसू?"

प्रार्थना झाली. डेबोरानं तिला हाताला धरून चटईवर बसवलं आणि पहिला मलिदा तिच्या ओंजळीत घातला. आजवर सगळ्यांना वाढून स्वयंपाकघरात उभ्यानं खाणारी दीना मांडी घालून, सावकाश खाऊ लागली. दारात शेजारीण आली तेव्हा ती सवयीनं उठायला गेली, तर डेबोरा म्हणाली, "तू बस. मी बघते."

दीना बसून राहिली.