तांबूस कुत्र्याचं कातडं

ही घटना खरी आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, कुणी आग्रह केलेला नाही.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. वीज गेली नव्हती, वारा सुटला नव्हता, दूर कुठे कोल्हाही ओरडत नव्हता. उन्हाळ्यातली भर दुपार होती. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं घर. पुढच्या खोलीत मेलेली जनावरं जिवंत असल्यासारखी उभी. मागच्या खोलीत टब, सुऱ्या, मिठाची पोती... आणि वास.

हे काम करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली ‘मीठबाई’ म्हणायची. पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

“बाई, पेंढा भरून मिळेल का?” असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, “तुमच्या डोक्यात भरलाय तेवढा पुरे. इथे कातडं कमावतात.”

उशिरा जनावर आणणाऱ्यांवर तर त्यांचा भारी राग. त्याला कारणही होतं. मेलेलं जनावर उन्हात राहिलं की आधी केसांची मुळं कुजतात. वरून सगळं झकास दिसतं. चिमटीत धरून ओढलं की झुबका हातात! आणि एकदा सुटलेला केस ब्रह्मदेवाच्या बापालाही परत लावता येत नाही.

उपाय एकच. लगेच सोलायचं, मांस-चरबी खरवडून काढायची आणि मीठ चोळायचं. कानांच्या आत, ओठांच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात. हात आखडता घेतलात की मेलात.

त्या दुपारी एक माणूस गाडीतून उतरला. बुटांना पॉलिश, केसांना तेल. डिकीतून त्याने एक पोतं ओढून काढलं.

आत कुत्रा होता. मोठा, तांबूस, दाट केसांचा.

“कधी गेला?”

“काल सकाळी. झोपेतच गेला.”

“मग तेव्हापासून कुठे होता?”

“डिकीत.”

“वा! तुम्हीही शेजारी झोपायचं होतंत. दोघांचं एकदमच केलं असतं.”

तो कसनुसा हसला. “कुत्रा आईचा आहे हो. ती बहिणीकडे गेलीय. परत आल्यावर निदान दिसायला तरी राहावा. शांत झोपल्यासारखा करून द्या.”

अक्कल गहाण टाकलेल्या माणसाला तोंडाने सांगून कळत नाही, दाखवावं लागतं. मीठबाईंनी कुत्र्याच्या पोटावरचे केस चिमटीत धरले आणि जोरात ओढले.

केस सुटले नाहीत.

कानामागचे ओढले. मांडीच्या आतले ओढले.

एकसुद्धा... सुटला नाही.

मीठबाईंनी काम घेतलं. दया आली म्हणून नाही. आपल्याला न कळणारं कातडं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यांची नणंद त्यांच्या हाताखाली काम करायची. ती मागच्या खोलीच्या दारातच थबकली.

“वहिनी... याच्यावर माशी नाही गं एक पण.”

खरंच नव्हती. त्या खोलीत एरवी माश्यांचं राज्य. आता सगळ्या खिडकीच्या काचेवर बसल्या होत्या. गप्प.

“सुट्टीवर असतील,” मीठबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुरी उचलली.

कातडं सोलून उलटं केलं तेव्हा नणंदेने तोंडावर हात ठेवला. आतल्या बाजूने काळेनिळे पट्टे होते. लांब, एकाशेजारी एक, पाठीपासून पोटापर्यंत. दाट केसांमुळे वरून काहीच दिसत नव्हतं.

काठीचे वळ.

“झोपेत गेला म्हणे!” मीठबाई मोरीत थुंकल्या. “त्या गाडीवाल्याचंच सोलायला हवं, वन्सं. पण असल्याचं कातडं पायपुसण्याच्याही लायकीचं नसतं.”

त्यांनी मीठ चोळलं. पाणी गळून गेल्यावर पुन्हा चोळलं. मग कातडं तुरटी-आम्लाच्या टबात बुडवून वर दगड ठेवला आणि दोघी पुढच्या खोलीत जेवायला बसल्या.

तेव्हा तो आवाज आला.

फडड्... फडड्... फडडड्...

ओला कुत्रा अंग झटकतो ना? कान गालांवर आपटतात... तसा.

नणंदेचा घास हातात राहिला. मीठबाई तणतणत आत गेल्या.

टबावर दगड जागच्या जागी. कातडं पाण्याखाली. पाणी स्थिर.

पण भिंतीवर... गुडघ्याच्या उंचीवर, चारही बाजूंनी ताजे थेंब ओघळत होते.

“टब हलवलात ना, वन्सं?”

“मी तुझ्यासमोर बसलेय, वहिनी.”

मीठबाईंनी भिंत पुसली आणि उरलेलं जेवण संपवलं. त्यांच्यावर भीतीपेक्षा संताप स्वार झाला होता. कुत्रा झोपलेला करायचा नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं. कातडं कमावून झाल्यावर त्यांनी तो उभा केला. मान वर, शेपूट पायात, डोळे सताड उघडे. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघणारे.

माणूस न्यायला आला आणि उंबऱ्यातच खिळला.

“झोपलेला सांगितला होता ना...”

“झोपला नव्हताच तो. आम्ही आतून बघतो, साहेब.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “हा... हा असाच बघायचा,” तो पुटपुटला.

“मग ओळख पटली. उचला.”

त्याने चादरीत गुंडाळून नेला. मीठबाई त्या दिवशी खूश होत्या. नणंदेला मात्र राहवलं नाही. “त्याच्या आईला सांगायला हवं होतं, वहिनी.” मीठबाई म्हणाल्या, “असल्या घाणीत हात घालायला मला वेळ नाही.”

उन्हाळा संपता संपता एक म्हातारी आली. हातात तीच चादर. तिने ती टेबलावर सोडली.

कुत्रा होता तसाच. फक्त... अंगावर एकही केस नव्हता.

“कुणी भादरलं याला?” मीठबाई कडाडल्या.

“कुणी नाही, बाई. रोज थोडे थोडे जात होते.”

“मग घरभर केस झाले असतील.”

“झाडू मीच मारते. एक नाही सापडला.” म्हातारीने कमरेचा रुमाल काढला. “मुलगा खोकतोय. डॉक्टर घशातून काढतात... पुन्हा येतं.”

रुमालात ओला गुंता होता. तांबूस.

म्हातारी मीठबाईंकडेच बघत होती.

“तुम्ही याला आतून बघितलंय. माझा कुत्रा कसा गेला?”

गल्लीत सगळ्यांना पुरून उरणाऱ्या त्या जिभेवर एकच शब्द आला. “काठीने.”

म्हातारी रडली नाही. तिने रुमालाची घडी घातली.

“आधी का नाही बोललात?”

उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. कुत्रा तिथेच राहिला.

मीठबाईंनी भिंग आणलं. सुटलेला केस मागे छिद्र ठेवतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी पाठ बघितली. पोट बघितलं. कान बघितले.

“काय दिसतंय, वहिनी?”

“छिद्रंच नाहीत, वन्सं... इथे केस कधी उगवलेलेच नाहीत.”

हे सगळं मला नणंदेने सांगितलं. त्या मुलाचं पुढे काय झालं, ते दोघींनाही ठाऊक नाही. मीठबाईंना विचारायला जाऊ नका. त्या तुम्हालाच गाढव म्हणतील आणि हाकलून देतील.

गेलातच... तर त्यांच्या उजव्या हाताकडे बघा.

बोलता बोलता तो सारखा घशाशी जातो.