स्वगताचा रकाना

पंखा चालू असतो तोवर त्याचा आवाज ऐकू येत नाही. वीज गेली की कळतं, इतका वेळ आवाज होता.

नियम नऊ : निरीक्षकाने घरातलं पाणीसुद्धा पिऊ नये.

मुंग्यांची रांग बघायची असेल तर आपली सावली रांगेवर पडू देऊ नये.

३:४७:१० डावा हात चादरीवर. ओढतो. प्रयत्न.
३:४७:२० प्रयत्न.
३:४७:३० आवाज, शब्द नाही. प्रयत्न.

मिरजेत तळ्याकाठी भेळेची एक गाडी आहे. तिखट कमी सांगितलं तरी तिखटच मिळते.

स्वगत, व्याख्या : ऐकणारं कुणीही हजर नसताना केलेलं बोलणं.

*

आपल्याला कुणी पाहतंय हे कळलं की माणूस बदलतो. मानसशास्त्राची ही फार जुनी अडचण. नवरा-बायकोच्या भांडणांचा अभ्यास करायला तुम्ही वही घेऊन त्यांच्या घरी जाऊन बसलात, तर ते भांडत नाहीत, तुम्हाला पोहे करून घालतात. कॅमेरा लावला तर कॅमेऱ्यासाठी केस विंचरून बसतात. कित्येक पिढ्यांचे संशोधक आरशाआडून पाहत आले, किंवा लोकांना आपली सवय होईपर्यंत महिनोन्महिने थांबत आले.

मग अनवधान पट्टी आली. दोन बोटं रुंदीची, गळ्यात घालायची. मेंदू जे बदलतं त्याचीच दखल घेतो, जे बदलत नाही ते बाजूला टाकतो. तुमच्या नाकाचा शेंडा दिवसभर तुमच्या डोळ्यांसमोर असतो, पण तुम्हाला तो ‘दिसत’ नाही, तसं. पट्टीतून निघणारी सूक्ष्म स्पंदनं समोरच्या मेंदूला सारखी सांगत राहतात, की इथे नवीन काही नाही. म्हणजे पट्टी घातलेला माणूस अदृश्य होत नाही. लोक त्याला वळसा घालून जातात, त्याच्या अंगावर पाणी सांडत नाहीत, फक्त तो त्यांच्या लक्षात येत नाही.

मिरजेच्या वर्तन-निरीक्षण केंद्रात ही पट्टी अर्धांगवायूच्या रुग्णांच्या अभ्यासासाठी वापरत. इस्पितळात रुग्ण डॉक्टरांसाठी हात हलवतो. घरी, कुणी बघत नसताना, तो स्वतःहून किती हलतो? एकशे बारा घरांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. साठ दिवसांत वीसेक वेळा निरीक्षक येणार, कधी ते सांगितलं जाणार नाही, घराची एक किल्ली केंद्राकडे राहणार. निरीक्षक तासभर बसे आणि दर दहा सेकंदांनी एक खूण करी. प्रयत्न, विश्रांती, संवाद, स्वगत. असे चौदा रकाने होते.

सदाशिव मगदूम एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. उजवी बाजू आणि बोलणं गेलं होतं. अभ्यासाच्या एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी ते उशीवरून घसरले, मान छातीवर दुमडली आणि श्वास अडकला. घरात कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काखेत हात घालून नुसतं वर ओढलं असतं तरी भागलं असतं.

*

ते गेल्यावर चौदाव्या दिवशी त्यांच्या पत्नी केंद्रात आल्या. शालन मगदूम, वय त्रेसष्ट. मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. टेबलापलीकडे केंद्राच्या प्रमुख डॉ. शिरगुप्पे होत्या. बाजूला केतकी उपाध्ये, सव्वीस वर्षांची. मॅडमनी तिची ओळख ‘आमच्या सहायक’ एवढीच करून दिली.

“मला एकच विचारायचंय मॅडम. त्या दिवशी तुमचं माणूस होतं काय घरात?”

“शालनताई, वेळापत्रक सांगता येत नाही. तुम्ही सही केलीय त्यावर.”

“केलीय की. मी भांडायला नाही आले.”

“एका घराला सांगितलं की बाकीची घरं विचारणार. मग लोक सावध राहतात. सावध माणूस बघून आम्हाला काही कळत नाही.”

“म्हणजे बेसावध माणूस तेवढा खरा?”

“आमच्या शास्त्रात, हो.”

“मग पाहुणे आले की मी ह्यांचं तोंड जास्त वेळा पुसायची, ते खोटं काय?”



शालनकाकूंनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. “दीर म्हणतात, वहिनी औषध आणायला गेला होता, तुमची काय चूक. मी औषधाला नव्हते गेले. भेळ खायला गेले होते. अकरा महिन्यांनी. खाऊन वर अर्धा तास बाकावर बसून राहिले. घरात कुणाला सांगितलं नाही अजून. तुम्ही सगळं लिहूनच ठेवता, म्हणून तुम्हाला सांगितलं.”

केतकी : मान खाली.
केतकी : मान खाली.
केतकी : मान खाली.

“यात तुमचा दोष नाही,” डॉ. शिरगुप्पे म्हणाल्या.

“ते सगळेच म्हणतात. माणूस होतं की नव्हतं तेवढं सांगा. नव्हतं तर नव्हतं म्हणा. मग मी त्यांना एकटं टाकून गेले हे पक्कं झालं, पुढं विचारायची नाही.”

“खरंच सांगता येत नाही.”

त्या उठल्या, “बरं” म्हणाल्या आणि जाताना दार हळू लावून घेतलं.

दार लागल्यावर मॅडम म्हणाल्या, “मला माहितीय तुझ्या मनात काय आहे. तू सांगितलंस तर उद्या एकशे बारा घरं किल्ल्या परत मागतील. नऊ वर्षांचं काम आहे, केतकी.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर एक बाई दुःखात राहील. ती तशीही राहणारच आहे.”

केतकी जिना उतरून धावतच रस्त्यावर आली.

*

रिक्षाथांब्यावर शालनकाकू उन्हात उभ्या होत्या.

“काकू, मी होते.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ, आणि पहिल्यांदाच.

“कुठं बसला होता?”

“कपाटाजवळच्या खुर्चीत.”

“ती डुगडुगते.”

“हो.”

“घडी करून कागद घालायचा राहिलाच तिच्या पायाखाली.” काकूंनी पदराने मान पुसली. “मला कळायचं तुम्ही आलेला. दारातलं पायपुसणं तिरकं व्हायचं. तुमची पट्टी माणूस लपवती, पायपुसणं कुठं लपवती?” बोलता बोलता त्यांना हसू आलं, आणि आल्या आल्या थांबलं. “ह्यांना म्हणायची मी, आलंय बघा आपलं माणूस. मला बरं वाटायचं. दिवसभर घरात दोघंच, त्यातले एक बोलत नाहीत.”

केतकी एक पाऊल सरकून त्यांच्यावर ऊन येणार नाही अशी उभी राहिली.

“त्या दिवशी पण तिरकं होतं. म्हणून तर गेले. दारातनं सांगून गेले, ह्यांच्याकडं जरा बघा हं, आलेच. ऐकू गेलं नव्हतं काय?”

“गेलं होतं.”

“मग?”

नियम चौदा असा होता : जिवाला धोका दिसल्यास निरीक्षकाने तात्काळ पट्टी काढून मदत करावी. केतकीच्या आड कुठलाही नियम आलेला नव्हता. ही गोष्ट ती चौदा दिवस स्वतःलाही सांगायचं टाळत होती.

“मला वाटलं ते उठायचा प्रयत्न करताहेत,” ती म्हणाली. “आमच्याकडे तसा रकाना आहे. स्वतःहून केलेली हालचाल. इतक्या दिवसांत त्यांनी कधी एवढी केली नव्हती. मला आनंद झाला होता काकू. मी भराभर खुणा करत होते.”

रिक्षा आली. काकूंनी हात केला नाही. ती पुढे गेली.

“किती खुणा केल्या?”

“सहासष्ट.”

“म्हणजे किती वेळ?”

“अकरा मिनिटं.”

“आणि मग काय लिहिलं?”

मग केतकीने ‘विश्रांती’ लिहिलं होतं. तिसऱ्यांदा ‘विश्रांती’ लिहिताना तिला शंका आली होती. तेव्हा पट्टी काढता आली असती. पण तेव्हा काढली, तर आधी का नाही काढली हे सांगावं लागलं असतं. ती लिहीत राहिली. तिसाव्या विश्रांतीला काकू घरात आल्या, ओरडल्या, शेजारचे धावत आले. उघड्या दारातून, माणसांना वळसा घालून, केतकी बाहेर पडली होती.

“मग काही नाही लिहिलं,” ती म्हणाली.

काकूंनी मान हलवली. “चौदा दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय. आता म्हटलं कुणी असलं तर त्याला घालता येतील. पण तू तर माझ्या धाकटीएवढी आहेस.” मघापासूनचं ‘तुम्ही’ सुटून ‘तू’ आलं होतं. “आणि टाकून तर मीच गेले. एकटं नाही, तुझ्यावर टाकून गेले, एवढाच फरक.”

दुसरी रिक्षा आली. त्या बसल्या. वळून पाहिलं नाही.

*

संध्याकाळी केतकीने त्या दिवसाचा तक्ता उघडला.

३:११:२० पत्नी, दारातून : ‘ह्यांच्याकडं जरा बघा हं, आलेच.’ स्वगत.

तिच्याच हातची नोंद. नियमाप्रमाणे बरोबर होती. रुग्ण कपाटाकडे तोंड करून झोपलेला, बाई पाठमोऱ्या दारात. ऐकणारं कुणी हजर नव्हतं. निरीक्षकाला हजर धरायचं नसतं.

त्या ओळीसमोर आता आणखी एक रकाना भरलेला होता.

एकाच माणसाच्या डोळ्यांवर शास्त्र भरवसा ठेवत नाही. म्हणून काही सत्रांना दुसरा निरीक्षकही पाठवतात आणि दोघांच्या नोंदी ताडून पाहतात. जितक्या जुळतील तितकी नोंद विश्वासार्ह. पण आपली तपासणी चाललीय हे कळलं की निरीक्षकही बदलतो, नीट काम करू लागतो. म्हणून दुसरा कधी येणार हे पहिल्याला सांगत नाहीत. दोघांच्याही गळ्यात पट्टी असते. एकमेकांच्या ते लक्षात येत नाहीत.

दुसऱ्या रकान्यातही ‘स्वगत’ होतं. त्याखाली सहासष्ट वेळा ‘प्रयत्न’. त्याखाली तीस वेळा ‘विश्रांती’. निरीक्षक क्रमांक एक.

क्रमांक एक डॉ. शिरगुप्पे यांचा होता.

त्या आपल्या खोलीत दिवा न लावता बसल्या होत्या. केतकी दारातच उभी राहिली.

“तुम्ही कुठे बसला होता?”

“दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर.” त्या म्हणाल्या, “मला पाठच दिसत होती त्यांची. तू आहेस हे मला माहीत होतं. तू पट्टी काढली असतीस तर मला दिसली असतीस. दिसली नाहीस. म्हटलं, केतकी तोंडासमोर बसलीय, काही असतं तर तिने काढली असती.”

“मला तोंड दिसत होतं.”

“हो.”

मॅडमनी संगणकाचा पडदा केतकीकडे वळवला. शालनकाकू गेल्यापासून त्या सगळ्या घरांतली स्वगतं वाचत बसल्या होत्या. केंद्राचा गाजलेला निष्कर्ष त्यावरच उभा होता : रुग्णाची सेवा करणारी माणसं एकटी असताना खूप स्वगत बोलतात, आणि अभ्यासाच्या दिवसांगणिक हे प्रमाण वाढत जातं. तीन परिषदांत त्यांनी तो मांडला होता. एकटेपणामुळे, असं कारण दिलं होतं.

केतकी वाचू लागली.

‘बाळ झोपलंय, पाच मिनिटांत आले.’

‘आजोबांना उठू देऊ नका, पडतील.’

‘मी अंघोळीला जाते. काही लागलं तर हाक मारा.’

‘तुम्ही आहात म्हणून म्हटलं.’

एकशे बारा घरांपैकी त्र्याऐंशी घरांत. प्रत्येक वाक्यानंतर दार लागल्याची नोंद होती.

“आज किती घरांत माणसं बसलीत आपली?” केतकीने विचारलं.

“नऊ.”

“त्यांना फोन करा मॅडम.”

“सत्रात फोन बंद असतात,” डॉ. शिरगुप्पे म्हणाल्या, आणि मग फार हळू आवाजात, “आणि सांगू काय? लोक तुमच्यावर विसंबलेत, एवढंच? ते ऐकून आपली मुलं सावध होतील. चार दिवस नीट बसतील. पुढे?”

केतकीने टेबलावरच्या जादा किल्ल्यांच्या जुडग्याकडे पाहिलं. एकशे बारा किल्ल्या, प्रत्येकीला आडनावाची चिठ्ठी. तिने जुडगा उचलला आणि नऊ नावं विचारली. मॅडमनी एकेक करून सांगितली. आठवं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं.

केतकी निघाल्यावर त्यांनी मगदुमांच्या सत्राची पडताळणी पूर्ण केली, कारण ती करायचीच होती. दोन निरीक्षकांच्या नोंदी शंभर टक्के जुळत होत्या. नऊ वर्षांत असं प्रथमच झालं होतं.

अभ्यासाच्या चौथ्या दिवशी मगदुमांच्या ओट्यावर दूध उतू चाललं होतं, तेव्हा केतकीने खुर्चीतून उठून गॅस बंद केला होता. त्या घरातलं पहिलं ‘स्वगत’ त्यानंतरचं होतं.