साठ आकडे

कारंजा घाडग्याच्या बसस्टँडवर रक्षा उईके वर्ध्याच्या बसची वाट बघत मांडीवर निळी बॅग घेऊन बसली होती आणि बॅग काही केल्या उघडत नव्हती. वनरक्षकाच्या परीक्षेचं हॉलटिकीट आत. बॅग कोकिळावहिनीची. सकाळी वहिनीने सांगितलेला कुलपाचा आकडा रक्षाच्या डोक्यातून साफ उडाला होता, आणि आता वहिनीचा फोनही लागेना.

"हिसके देऊ नका, चेन तुटंल," शेजारचा चष्मेवाला तरुण म्हणाला. "आकड्यातलं काही आठवते काय?"

"तिन्ही आकडे विषम होते. अन्... तिन्ही वेगळे."

"मग घाबरता काऊन? पहिल्या जागी पाचातला कोणताही. दुसऱ्या जागी उरलेल्या चारातला, तिसऱ्या जागी तिनातला. पाच चोक वीस, वीस त्रिक साठ. साठच आकडे! वर्ध्यापर्यंत आरामात होते."

"तुमाले दुसरं काम नाई काय?"

"मी कॉलेजात गणित शिकवतो. याच्याहून चांगलं काम मले आजवर भेटलं नाई."

तिला हसू आलं.

प्रफुल्ल थूल त्याचं नाव. बसमध्ये तो क्रमाने आकडे सांगत गेला, ती चक्रं फिरवत गेली. एकशे पस्तीस... एकशे सदतीस... खड्डा आला की दोघांचे खांदे आपटायचे आणि दोघंही खिडकीबाहेर बघायची. एकोणचाळिसाव्या खेपेला, सातशे एकोणीसवर, कुलूप उघडलं. रक्षा अशी ओरडली की कंडक्टर दचकला.

उतरताना तिने त्याचा नंबर घेतला. गणितासाठी, असं तिने वहिनीला सांगितलं.

तलाठ्याच्या परीक्षेचीही तयारी होतीच. दर रविवारी पवनारला, धाम नदीच्या काठी तो शिकवू लागला. शक्यतेच्या गणितांतली नाणी झाली, फासे झाले, पिशवीतले लाल-निळे चेंडू झाले, पण रविवार काही संपेनात.

मग वनरक्षकाची यादी लागली. रक्षाचं नाव होतं! नेमणूक मात्र चंद्रपूरकडच्या जंगलात, आठ दिवसांत हजर व्हायचं. तिने धीर करून वडिलांना, पुनाजींना सांगून टाकलं, "बाबा, थूल सर मले आवडते."

पुनाजी बांबू तासत होते. "अन् त्याले तू आवडते काय? आधी ते तर पाह्य."

तेच तर तिला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या रविवारी प्रफुल्ल वही न आणताच आला. "रक्षा... एक विचाराचं होतं. पण तू हो म्हणशील का नाई..."

"शक्यता किती धरली?" तिने विचारलं.

"उत्तरं दोनच. म्हणजे... निम्मी-निम्मी."

"सर! उत्तरं दोन हायेत म्हणून निम्मी काऊन? दोन्ही सारखीच होण्यासारखी असली, तरच निम्मी. एवढं मोठं चुकता?"

"म्हणजे... सारखी नाई?"

"नाई."

त्याचा चेहरा उतरला. तो उठायलाच लागला, तशी तिने त्याची बाही धरली. "अहो, कोणतं उत्तर जड हाये ते तर विचारा!"

तो मटकन खाली बसला. "रक्षा, माह्याशी लग्न कर—"

"करीन!"

प्रफुल्लने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चंद्रपूर लई दूर हाये..."

"असू दे. उद्या घरी येजो," ती म्हणाली. "बाबाले तुले पाहाचं हाये."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते तिच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या मात्र आलं होतं, आणि तो कानापर्यंत लाल झाला होता.