दुपारचा चंद्र

"दार लाव आधी. रात्र आहे इथे."

भर दुपारी, बोरिवलीत ऊन मी म्हणत असताना, काळोखातून कोणीतरी माझ्यावर असं खेकसलं. मी घाबरून दार लावलं… पण आतल्या बाजूने. म्हणजे ज्याच्यावर चिडून निघून जायचं, त्याच्याच बरोबर त्या काळोखात उभी राहिले. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून माझा तो पहिलाच आठवडा होता. मी स्लाइड्सची पेटी शोधायला आले होते आणि 'परवानगीशिवाय आत येऊ नये' हा दारावरचा कागद मी वाचला नव्हता. दारावरचे कागद मी कधीच वाचत नाही.

हळूहळू डोळे सरावले. कोपऱ्यात एक मंद, पिवळसर दिवा लागला होता. त्याखाली काचेच्या पसरट भांड्यांच्या रांगा आणि रांगांच्या पलीकडे एक चष्मा. चष्म्यामागे मिहिर.

"सॉरी," तो जरा नरमून म्हणाला. "आज पौर्णिमा आहे. म्हणजे… किड्यांची."

"आणि माणसांची कधी?"

"माहीत नाही. मी बाहेर फारसा नसतो."

मिहिर आमच्या कुंदा मॅडमकडे पीएच.डी. करत होता. त्याचे किडे म्हणजे नेरीस. गोराईच्या खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारे, गांडुळाच्या लांबच्या नात्यातले, पण अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक पायांची झालर असलेले. त्यांच्या आयुष्यातलं महत्त्वाचं सगळं रात्री घडतं आणि कॉलेज तर संध्याकाळी बंद होतं. म्हणून त्याने त्या खोलीतली दिवसरात्रच उलटी करून टाकली होती. आमच्या दुपारी त्यांची रात्र. महिन्यातून आठवडाभर तो मंद दिवा टायमरवर लागायचा, तो त्यांचा चंद्र. चंद्र मालवला की पुढच्या अंधारात ते वयात येणार, अशी सगळी व्यवस्था.

स्लाइड्सची पेटी दुसऱ्याच दिवशी माझ्या कपाटात सापडली. तरी मी ती शोधायला त्या खोलीत जात राहिले. मिहिरनेही कधी विचारलं नाही की एवढी कसली पेटी आहे. तो फक्त दुसरं स्टूल पुसून ठेवायचा.

त्या चंद्राखाली बसून त्याने मला नेरीसच्या मेंदूची गोष्ट सांगितली. राईएवढ्या त्या मेंदूत काही पेशी एक हार्मोन सतत स्रवत राहतात. जोवर ते आहे तोवर किडा लहानच राहतो. पालक खातो, बिळात सुखात असतो, शेपूट तुटली तर नवी वाढवतो. मग एक दिवस ते हार्मोन आटतं. डोळे मोठे होतात, पायांची वल्ही होतात, खाणं सुटतं आणि तो बीळ सोडून वर पोहत सुटतो, जोडीदाराच्या शोधात.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. एकदाच भेटतात. नंतर मरतात."

"परत बिळात नाही जात?"

"नाही जाता येत. आणि आता काही तुटलं, तर ते पुन्हा वाढतही नाही."

"बोअर आहे रे तुझी लव्हस्टोरी," मी म्हटलं. बोअर अजिबात नव्हती. माझ्या हातावर काटा आला होता. चंद्र मंद होता म्हणून त्याला दिसला नसावा.

एकदा त्याने मला प्रयोगाला बसवलं. वयात यायला टेकलेल्या किड्याच्या अंगात लहान किड्याचा मेंदू बसवायचा, म्हणजे त्या उसन्या हार्मोनवर तो लहानच राहतो का ते बघायचं. मायक्रोस्कोपखाली, केसाएवढ्या चिमट्याने करायचं काम. मिहिर त्यात पटाईत होता, पण मी शेजारी बसले की त्याचे हात थरथरायचे. दोन किडे वाया गेल्यावर त्याने चिमटा माझ्या हातात दिला. माझी बोटं धरून तो सरळ केला आणि मग बोटं सोडायला जरा विसरला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मी ते काम एका झटक्यात, नीट केलं. त्या किड्याला त्याने वेगळं भांडं दिलं आणि वर माझं नाव चिकटवलं, गंधाली.

घरी चारकोपला आले की आई माझे हात हुंगायची. "हाताक खाडयेचो वास येता गो तुझ्या," म्हणायची आणि बाबांना भरवायला वाटी माझ्याकडे द्यायची. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांची उजवी बाजू गेली होती. त्यांना उठवणं, बसवणं आईच्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. संध्याकाळ आणि सकाळची पाळी माझी. माझी स्वतःची अशी दुपारच उरली होती, आणि ती मी रात्र असलेल्या खोलीत घालवत होते.

किडे वर आले की मिहिर जाणार, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. नॉर्वेतल्या एका विद्यापीठाने त्याला याआधी नकार दिला होता. या वेळी घेतलं, पण या तुकडीचे निकाल दाखवायच्या अटीवर. तो मोबाइलवर नॉर्वेजियन शिकायचा आणि मला शब्द म्हणून दाखवायचा. मी हसायचे. परत म्हण, असं मात्र कधी म्हणायचे नाही.

पण किडे काही वर येईनात. कुंदा मॅडम रोज पाण्याचा खारटपणा तपासायच्या, खाडीच्या पाण्याला दोष द्यायच्या, ते बदलायला लावायच्या. शेवटी म्हणाल्या की ही तुकडी सोमवारी फेकून देऊ, नव्याने सुरुवात करू. नव्याने म्हणजे नॉर्वे हातचं गेलं. मिहिर मान डोलावत ऐकत होता. एवढ्या शांतपणे का ऐकतोय, हे मला कळेना.

त्या दुपारी मी आत गेले, तेव्हा चंद्र होताच. आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की कितीतरी दिवस तो होताच. मी मोजत नव्हते. सुखात असताना कोण मोजतं? दिव्यामागे वाकून पाहिलं. टायमर काढून बाजूला ठेवला होता आणि दिव्याची वायर थेट बोर्डात होती. चंद्र मालवतच नव्हता, तर किड्यांना कळणार कसं, की आता निघायचं?

"टायमर कोणी काढला, मिहिर?"

तो चिमटा पुसायला लागला.

"पहिल्या दिवशी दिवा तपासायला काढला आणि परत लावायला विसरलो. खरंच. आपण बोलत बसलो होतो… दुसऱ्या दिवशी आठवलं होतं."

"मग?"

"मग तू आलीस."

मी त्याला खूप बोलले. एवढी वर्षं घालवलीस, मॅडमना फसवतोयस, डोकं फिरलंय का तुझं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की मॅडमना खरं काय ते सांगून टाकेन, नॉर्वेला नाही म्हणून कळवेन, कांदिवली-मालाडला कुठेतरी शिकवायची नोकरी मिळेल.

"तू म्हणालीस तर राहतो, गंधाली."

राहा. दोनच अक्षरं होती आणि ती माझ्या ओठांवर होती. मला तो हवा होता. दुपारी, संध्याकाळी, बाबांना उचलताना दुसऱ्या बाजूला, कायमचा. पण मला हेही दिसत होतं, की काही वर्षांनी तो कुठल्याशा स्टाफरूममध्ये बसून नॉर्वेजियन शब्द मनातल्या मनात म्हणतोय आणि मी समोर आले की गप्प होतोय. मला त्याच्याबरोबर जाता येणार नव्हतं, आणि त्याला थांबवून मला त्याच्या डोळ्यांत बघता आलं नसतं.

मी हात लांब केला आणि बोर्डावरचं बटण बंद केलं.

मी आल्यापासून खोलीत पहिल्यांदाच पूर्ण काळोख झाला. पंपाचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते.

"मला तू खूप आवडतोस," मी काळोखात म्हटलं. "आता काही बोलू नकोस."

भांड्यांच्या वरून चाचपडत त्याचा हात आला. खाऱ्या पाण्याने गार पडलेला. मी तो दोन्ही हातांत धरला आणि बाहेर कॉलेज सुटल्याची घंटा होईपर्यंत सोडला नाही.

मॅडमकडून त्याने थोडे दिवस मागून घेतले. आणि किडे वर आले. मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावून आम्ही पाहिले, कारण लाल उजेड त्यांना कळत नाही. मोठ्या डोळ्यांचे, वल्ही मारत, एकमेकांभोवती गरगर फिरणारे. पाणी दुधाळ होत गेलं. मिहिर मोजत होता, लिहीत होता, मध्येच चष्मा काढून बाहीला पुसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळे भांड्याच्या तळाशी निपचित पडले. मॅडम म्हणाल्या, पाहा, पाणी बदलल्याचा किती फरक पडला.

जाताना त्याने माझ्या हातात ते वेगळं भांडं दिलं. "हिला पालक देत जा," एवढंच म्हणाला. माझ्या नावाचा म्हणून तो त्या किड्याला कायम 'ही' म्हणायचा.

सुरुवातीला रोज फोन असायचा. मग रविवारी. आता दिवाळीला मेसेज येतो, बर्फाचे फोटो येतात, आणि परवाच्या फोटोत एक मुलगी त्याच्या खांद्याला टेकून उभी होती. हसत होती. चांगली वाटली. मी अंगठा पाठवला आणि बाबांना भरवायला गेले.

खोली आता माझ्याकडे आहे. माझ्या नावाची ती अजून भांड्यात आहे, बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त जगली. पाणी बदलताना तिची शेपूट तुटली होती, आता नवी फुटलीय. पालक खाते, बिळात असते. चंद्र येतात, मालवतात, ती वर येत नाही. तिला तसं मीच केलंय. त्या दुपारी मिहिरचे हात थरथरत होते, माझा हात जरासुद्धा नाही. बटण दाबतानाही नाही.

आता दर महिन्याला तो दिवा लावताना माझा हात थरथरतो.