कपाखालची पाठ

“कातडी उचलायची, तीन मोजायचे, सोडायची. ती आपणहून खाली बसली पाहिजे. नाही बसली, तर हात काढून घे आणि मला हाक मार.”

काम शिकवणाऱ्या मोठ्या बाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, तरी मशीनचं बटण दाबलं की त्यांचा आवाज ताईच्या कानात उमटायचाच. ताईचं मालिश केंद्र म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. जुने व्रण, भाजल्याच्या खुणा, बाळंतपणानंतर सैलावलेलं पोट, मांड्यांवरचे खळगे, असं काय काय घेऊन बायका यायच्या. प्रत्येकीला घाई. ताईला नाही. तेलाचा हात, काचेचा कप, नळी, हवा ओढणाऱ्या मोटारीची बारीक घरघर. कपात कातडी फुगून यायची, आत चिकटलेलं सुटायचं, झडप उघडली की पुन्हा सपाट. यात जादू नाही, चिकाटी आहे, असं ती सांगे. दर खेपेला पारदर्शक कागद ठेवून व्रण गिरवायचा आणि तारीख घालायची, हा तिचा नेम.

शिवणकाम करणारी एक बाई पहिल्यांदा आली, तेव्हा पालथी झोपताना तिने पोटाखाली उशी मागून घेतली. व्रण डाव्या खांद्यापासून कंबरेपर्यंत, पट्टीने आखल्यासारखा सरळ.

“ऑपरेशन झालं होतं का?”

“नाही.”

“मग लागलं कशाने?”

“लागलं नाही. आठ वर्षांची होते, तेव्हा आला.”

“पाहुणा आल्यासारखं सांगताय की!” ताई हसली. बाई हसली नाही.

पहिल्याच ओढीला ताईने तीन मोजले, झडप उघडली, कप उचलला. कातडी खाली बसली नाही. मोटार बंद, कप हातात, आणि उघड्या पाठीवर तो वाटोळा फुगा तसाच. एक. दोन. मग कुणीतरी आतून धरलेलं सोडावं तसा तो खाली गेला.

सूज असेल, असं ताईने मनाला समजावलं. हाक मारायला आता होतं तरी कोण?

तिसऱ्या खेपेला शाळा लवकर सुटली म्हणून ताईची नऊ वर्षांची चिमणी बाहेरच्या खोलीत गृहपाठ करत बसली होती. बाई तिच्यासमोर थबकली.

“तुमची?”

“माझीच. बोलायला लागली तर माझ्या मशीनला लाजवेल.”

बाई बराच वेळ चिमणीकडे बघत राहिली.

काम संपलं. बाई आरशासमोर बटणं लावत होती. कप उकळत्या पाण्यात टाकायचा, तेवढ्यात चिमणी आत घुसली आणि सदरा वर करून उभी राहिली. “आई, माशाचा पापा! एकदाच!”

मायलेकींचा तो जुना खेळ. त्यासाठी ताई एरवी धुतलेला कप घेई. त्या दिवशी हातातलाच लावला. एक, दोन, तीन. चिमणी खिदळली, पळाली.

आरशातली बाई बटणं लावायची थांबली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि चेहरा मात्र ओझं उतरल्यासारखा मोकळा.

पुढच्या दोन खेपांत कागदावरची रेघ आखूड होत गेली. शेवटच्या खेपेला गिरवायला काही उरलंच नाही. ताईला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं. बाई पुन्हा आली नाही.

त्याच सुमारास चिमणीचा डावा हात वेणी घालायला वर जाईना. खालच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली, लचक आहे म्हणाले, मलम दिलं.

मग एका सकाळी चिमणी बुटाची नाडी बांधायला वाकली आणि तिच्या सदऱ्याची पाठ वर उचलली गेली. वाटोळी. कपाएवढी. उचललेली राहिली, मग बसली.

ताईने सदरा सोडवला. पाठीवर सरळ रेघ होती. बाईचा पहिल्या दिवशीचा कागद आणून तिने वर ठेवला. रेषेवर रेष बसली. कंबरेपाशी दोन बोटं कमी, एवढाच फरक.

“दुखतं का गं?”

“नाही. श्वास अर्धाच येतो.” चिमणी जरा थांबली. “आई, ते ढकलत नाही. वर येऊन बघतं.”

ताई तशीच उठून बाईच्या दुकानात गेली. गळ्यात टेप अडकवून बाई कापड बेतत होती. पोट आता लपत नव्हतं.

“हे परत घ्या.”

“येत असतं तरी घेतलं नसतं.” बाईने पोटावर हात ठेवला. “दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेलं, ताई. पाठीवर ते असेपर्यंत पोटात काही टिकलं नाही.”

“मग मलाच द्यायचं होतं! माझ्या लेकराला कशाला?”

“मोठ्यांना ते नव्याने धरत नाही. शेजारच्या काकूंनी खेळता खेळता माझी पाठ चोळली होती. त्यांना एकुलता एक मुलगा होता, आधी ते त्याच्या पाठीवर होतं.”

“आणि तुम्ही बघत राहिलात?”

“कप तुम्ही लावलात.”

“झोप कशी लागते हो तुम्हाला?”

“आता लागते,” बाई हळूच म्हणाली. “उताणी. चोवीस वर्षांनी.”

घरी येऊन ताईने तरीही करून पाहिलं. कप चिमणीच्या पाठीला, मग स्वतःच्या दंडाला. पाठीला, मग छातीला. पाठीला, मग पोटाला. तिच्या अंगावर नुसती जांभळी वर्तुळं उमटली आणि फिकट होत गेली.

चिमणीची पाठ कपाशिवायच वर आली.

रेघ कंबरेला टेकली होती.

रोज दिवेलागणीला ताई देवापुढे हात जोडून बसे. आज हात जोडलेच जाईनात.

“आई, हे जाईल ना?” चिमणीला एका श्वासात एवढंही बोलता येत नव्हतं.

“रविवारच्या आत जाईल.”

“शब्द?”

“शब्द.”

ताईने तिला कुशीवर वळवलं, पांघरूण सारखं केलं. मग भावाला फोन लावला. आवाज नेहमीसारखाच, मऊ.

“अरे, वहिनीला कधीचं बाहेर जायचंय ना? जाऊन या दोघं. पोरीला ठेवते मी. आत्या आहे तिची, परकी का आहे?”

भाऊ खूश झाला. ताईने चिमणीच्या पाठीवरून काढलेला कप न धुताच रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, दार लोटून घेतलं आणि जिना उतरायला लागली.

भाची चार वर्षांची होती. कुणी मांडीवर घेतलं की पाठ करून बसायची तिला सवय होती.