गणपत जॉबरची मिशी

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला थाप वाटेल त्याने आमच्या घरी येऊन फोटो बघावा.

सन १८९४. माघ महिना. ठिकाण मुंबईतलं गिरगाव, आणि वेळ भरदुपारची.

गणपत म्हणजे माझ्या पणजोबांचा चुलतभाऊ. परळच्या गिरणीत जॉबर. हाताखाली पन्नास माणसं आणि नाकाखाली ती मिशी, मेण लावून टोकं वर वळवलेली. देवापुढे हात जोडायला त्याला फुरसत नसे, पण आरशापुढे अर्धा तास सहज जाई. बाप विठोबा आठ दिवस तापाने फणफणला, तेव्हाही हा पठ्ठ्या आरशापुढेच. म्हाताऱ्याचा हात धरून बसली ती रखमा, गणपतची बायको.

विठोबा गेला.

दहाव्याला सगळे दादरच्या समुद्रावर जमले. बाप गेला की मुलाने डोकं आणि मिशी उतरवायची, ही रीत. शिवा न्हाव्याने डोकं केलं. वस्तरा ओठाशी आला, तसं गणपतने त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या दिवशी गिरगावात फोटो काढायचा ठरला होता. डोक्यावर पागोटं बसेल, मिशीच्या जागी काय बसवणार?

जाणती माणसं समजावून थकली. हा ढिम्म.

पिंडाला कावळा शिवेना. कावळे जवळ येत, पिंडाकडे बघत... मग गणपतच्या तोंडाकडे बघत. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

घरी आल्यावर रखमाने विचारलं, "मेलेल्या बापापेक्षा मिशी मोठी झाली काय तुमची?"

"बापूस काय आता परत येणार नाय," तो आरशात बघत म्हणाला. "मिशी गेली तर ती पण वर्षभर येणार नाय."

तेवढ्यात आवाज आला.

सप्प... सप्प... सप्प...

चामड्यावर वस्तरा घासल्याचा. रखमानेही ऐकला. तिने बाहेर डोकावून पाहिलं. गॅलरी मोकळी होती.

आणि गणपतचा वरचा ओठ... ओला झाला होता. न्हावी पाणी लावतो तसा. त्याने पुसला. पुन्हा ओला झाला. रखमा म्हणाली, अजून वेळ आहे, शिवाला बोलवा. त्याने तिला गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटोवाल्या रमाकांतने त्याला खुर्चीत बसवलं आणि डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावला. "मी सांगेपर्यंत हलू नका. चेहरा पुसट येईल."

मग भिंगावरचं झाकण काढून, आपल्या सवयीने डोळे मिटून, तो आकडे मोजू लागला.

हनुवटीखाली... गार बोटं आली.

ओठ ताणला गेला. पातं लागलं.

गणपत ओरडू शकत होता. उठून पळू शकत होता. कुणी बांधलं नव्हतं. पण चेहरा पुसट येईल, एवढंच त्याच्या मनात आलं.

तो हलला नाही.

पातं डावीकडून उजवीकडे सावकाश फिरलं. ते केसांवर थांबलं नाही. कातडी गेली, मग मांस. रक्त दातांवरून, हनुवटीवरून नव्या कोटात उतरलं.

रमाकांतने डोळे उघडले. गणपतच्या मांडीवर ओठ पडला होता, मिशीसकट.

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. वस्तरा सापडला नाही. साधी सुरीही नाही.

गणपत वाचला. फोटो घरी आला. त्यात मिशी शाबूत आहे, रक्ताचा थेंब नाही. फक्त हनुवटीखाली एक म्हातारा हात आहे, मनगटापर्यंत. मनगटामागे कुणीच नाही. तो हात रखमाने ओळखला आणि फोटो खाली ठेवला.

गणपतने तो उचलला. बराच वेळ पाहिला. हाताकडे त्याचं लक्षच गेलं नाही. मग उघड्या दातांतून त्याने विचारलं, "चांगला आलोय ना?"

फोटो अजून आमच्या कपाटात आहे. आम्ही तो भिंतीवर लावत नाही, फेकायचीही हिंमत होत नाही. त्या हाताची मला आता सवय झाली आहे. मला बघवत नाहीत ते गणपतचे डोळे. ओठ कापला जात असताना त्यांत वेदना नाही, भीती नाही. तो फक्त रुबाबदार दिसायचा प्रयत्न करतो आहे.