मंदाचे पाय थांबले तेव्हा

मंदा ढोबळे चौकात जागच्या जागी पाय हलवत उभी होती. फ्लेक्सवर बंदी आल्यापासून शहरात ही नवीच कवायत सुरू झाली होती. सार्वजनिक जागेत जाहिरात रोवायची, टांगायची किंवा टेकवायची नाही; पण चालत्या माणसाने हातात पाटी धरली तर तो त्याचा हक्क, असा नियम. चालता माणूस म्हणजे कोण? ज्याचे पाय हलतात तो! पळवाट शोधण्यात आपला हात कोण धरणार?

मंदाच्या हातात नजरपाटी होती. समोरच्याच्या बुबुळांचा वेध घेऊन, त्याच्या मोबाईलमधले फोटो नि शोध चाळून, त्याला हवं ते ती फक्त त्यालाच दाखवायची. शेजारच्याला दुसरंच काही दिसायचं. धरणारीच्या बाजूला मात्र कोरा पत्रा. दिवसभर आपण काय विकतो, हे मंदाला ठाऊक नव्हतं. चहाच्या गाड्याचा परवाना मिळाला की ही पाटी ती सोडणार होती, आणि परवान्याच्या यादीत तिचं नाव लागलंही होतं.

त्या सकाळी चौकातून अंत्ययात्रा आली. मंदाने आपण सगळेच करतो तेच केलं. चपला काढल्या, पाटी गुडघ्याशी टेकवली आणि हात जोडले. पाय थांबले, आणि खांबावरच्या कॅमेऱ्याने गुन्हा नोंदवला. त्यात भर म्हणजे मयताच्या मागून चालणारी बाई पाटीसमोर येताच जागीच खिळली आणि हंबरडा फोडून खाली बसली.

दुपारी अतिक्रमण विभागात निरीक्षक पाटोळे कपाळ चोळत बसले होते. समोर मंदा, टेबलावर पाटी.

"पाय का थांबवलेस बाई?"

"साहेब, मयत चाललं होतं. त्याच्यापुढं पाय नाचवत उभी राहू?"

पाटोळेंनी नोंदीचा कागद पुढे ओढला. "बरं, त्या बाईंना पाटीवर त्यांचा गेलेला नवरा दिसला म्हणे. हसताना. ही जाहिरात म्हणायची की श्रद्धांजली?"

"श्रद्धांजली म्हटलं तर सुटंन का मी?"

"छे! श्रद्धांजलीच्या फलकाला तर आधी परवानगी लागते."

इकडे आड, तिकडे विहीर. गुन्हा शाबित झाला की यादीतून नाव कटणार, हे तिला पक्कं माहीत होतं. पण आपण नेमका कसला गुन्हा केला, हे तिलाच काय, पाटोळेंनाही सांगता येत नव्हतं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "पाटीवर विकायला काहीच नव्हतं, असं त्या बाईंनी सांगितलं तर मी प्रकरण मिटवतो. जाहिरातच नाही म्हटल्यावर कसला गुन्हा?"

बाई दारातच होत्या. इंदुमती शेट्टे. डोळे सुजलेले, सोबत कोणी नाही. तक्रार करायला आल्या असतील म्हणून मंदा पदर सावरत उठली, पण त्यांचं लक्ष टेबलाकडे होतं.

"ती पाटी पुन्हा एकदा धराल का हो, ताई?"

पाटोळेंनी होकारार्थी मान हलवली. मंदाने पाटी उचलली आणि सवयीने पाय हलवू लागली. इंदुमतीबाईंचा चेहरा हळूहळू उजळला. आपल्या हातात काय आहे हे बघायची मंदाला अनावर इच्छा झाली. तिच्यापुढे तर कोराच पत्रा होता.

"बाई, नीट बघून सांगा," पाटोळे हलकेच म्हणाले. "तिथं फक्त तुमचे यजमान आहेत ना? खाली काही लिहिलेलं नाही ना?"

"आहे की. बारीक अक्षरात काहीतरी आहे. चष्मा घरी राहिला." डोळे न हलवता त्यांनी पिशवीत हात घातला. "काय विकतायत ते? काही का असेना, मी घेते. घेतलं की रोज दिसतील का हे?"

पाटोळेंचं पेन थांबलं. ही जाहिरातच होती, याहून मोठा पुरावा कुठला हवा होता? मंदाला रडू फुटलं. स्वतःच्या गाड्यासाठी की या बाईसाठी, हे तिचं तिलाच कळेना. पाटी खाली ठेवावी, तर बाईंचा माणूस दुसऱ्यांदा जाणार. आणि धरून ठेवावी, तर किती वेळ?